मुंबईच्या समुद्रातले जीव: बघायचे कसे, आणि हात कधी लावायचा

प्रश्न असा आहे: "मी ठाण्याला राहते. प्राणिशास्त्रात पदवी झाली आहे. मुंबईच्या समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करायचा आहे, पण घरचे म्हणतात, गटाराच्या पाण्यात काय असणार, जायचंच तर मालवणला नाहीतर अंदमानला जा. दुसरं म्हणजे, गेल्या जुलैत जुहूला एक कासव वाहून आलं होतं. आम्ही चौघांनी उचलून ते परत पाण्यात सोडलं. दोन दिवसांनी वर्सोव्याच्या बाजूला एक मेलेलं कासव दिसलं. ते तेच होतं का, माहीत नाही. आमचं चुकलं का? आणि सुरुवात कुठून करू?"

आधी कासवाचं सांगते, कारण ते तुमच्या मनाला लागलंय हे प्रश्नावरूनच कळतं.

हो, चुकलं. पण ही चूक आपल्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात होते आणि करणारे बहुतेक वेळा तुमच्यासारखेच कळवळ्याचे लोक असतात. समुद्री कासवाची मादी अंडी घालायला वाळूवर येते, तीही सहसा रात्री, आणि काम झालं की स्वतःच्या पायांनी परत जाते. एरवी कासव जमिनीवर येत नाही. तेव्हा जुलैत, भरदिवसा, जुहूच्या वाळूवर पडलेलं कासव म्हणजे वाट चुकलेला पाहुणा नव्हे, तो पेशंट आहे. त्याला पोहण्याची ताकद उरलेली नसते म्हणून नैऋत्येचा वारा आणि लाटा त्याला किनाऱ्याला आणून टाकतात. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. थकलेलं कासव पाण्यात ढकललं की त्याला श्वासासाठी वर यायला जमत नाही आणि ते बुडून मरतं. तुम्हाला दिसलेलं मेलेलं कासव तेच होतं की दुसरं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, कारण पहिल्याचा फोटो नाही, माप नाही, जखमेची नोंद नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे मी त्याच्याकडेच परत येणार आहे.

पुढच्या वेळी काय करायचं? वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करायचा. किनारा, जवळची खूण आणि कासव हलतंय का, एवढं सांगायचं. माणसं येईपर्यंत त्याला सावलीत ठेवायचं. पाठीवर आणि वल्ह्यांसारख्या पायांवर ओलं फडकं टाकायचं, पण नाकावर नाही. तोंडावर पाणी मारायचं नाही, पाण्याने भरलेल्या टबात ठेवायचं नाही, काही खायला घालायचं नाही. उचलावंच लागलं तर दोघांनी पाठीच्या कवचाची पुढची आणि मागची कड धरायची. पाय धरून ओढलं तर सांधा निखळतो. कुत्री आणि सेल्फीवाले, दोघांनाही लांब ठेवायचं. आपल्या राज्यात डहाणूला समुद्री कासवांसाठी उपचार केंद्र आहे. वनविभाग आणि तिथली प्राणीमित्र संस्था मिळून ते चालवतात. एखादं कासव बरं व्हायला कधी काही आठवडे लागतात, कधी वर्ष लागतं.

बरीच वर्षं झाली, माहीमच्या बाजूला एका पावसाळी सकाळी मला असंच एक ऑलिव्ह रिडले सापडलं होतं. लांबून पाहिलं तर जाळ्याचा नुसता गुंडाळा दिसत होता, हिरवा आणि निळा, तीन-चार प्रकारच्या जाळ्यांचे तुकडे एकमेकांत पिळलेले. गुडघ्यावर बसले तेव्हा त्यात एक डोळा दिसला. पुढच्या उजव्या पायावर नायलॉनची दोरी इतकी घट्ट बसली होती की मांस दोन्ही बाजूंनी फुगून वर आलं होतं आणि खोबणीत पांढरं हाड दिसत होतं. पोटाच्या कवचावर खडकाला चिकटतात तसे बार्नॅकल्सचे थर होते. याचा अर्थ ते बरेच दिवस धड पोहलेलं नव्हतं. मी जाळं ओढायला गेले, तेवढ्यात शेजारी उभे असलेले कोळीवाड्यातले दादा म्हणाले, "ओढू नको, ताई. जाळं कापायचं, कासव ओढायचं नाय." त्यांनी कमरेची सुरी काढली, डावा तळवा कासवाच्या गळ्याखाली घातला आणि धागा बाहेरच्या बाजूने, कातडीपासून दूर, एकेक करून कापला. दोरी मात्र त्यांनी तशीच ठेवली. "ही डॉक्टर काढंल. सुटली की रगत येईल." ते बरोबर होतं. वीस मिनिटं आम्ही तिथे होतो. तेवढ्या वेळात त्याने मोजून चार वेळा श्वास घेतला आणि प्रत्येक वेळी सायकलच्या चाकातली हवा सोडावी तसा आवाज झाला. उपचाराला नेलं, पाय गेला, जीव वाचला. त्या दिवशी मी एक सवय लावून घेतली. हात पुढे करायच्या आधी थांबायचं, बघायचं, लिहायचं. मग हात.

आता "गटाराच्या पाण्यात काय असणार" हे.

पाणी घाण आहे, हे मी झाकणार नाही. वरळी आणि वांद्र्याहून शहराचं सांडपाणी पाइपांनी तीन किलोमीटरहून आत समुद्रात सोडलं जातं आणि नाल्यांतून किनाऱ्यालाच येऊन मिळतं ते वेगळं. पण त्याच पाण्यात, हाजीअली, वरळी, मरीन ड्राइव्ह, कुलाब्याच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत. अंदमानसारखे रंगीत बगिचे नाहीत. खडकाला चिकटलेले, तळहाताएवढे किंवा त्याहूनही लहान, तपकिरी-करडे, गढूळ पाणी सहन करणारे. त्यांच्या आसपास झोअँथिड या समुद्रफुलांसारख्या जिवांच्या चटया पसरलेल्या असतात, ओहोटीला मिटलेल्या आणि डबक्यात फुललेल्या. समुद्रफुलं आहेत, स्पंज आहेत, नखाएवढ्या समुद्री गोगलगायी आहेत, ऑक्टोपस आहेत. गिरगाव चौपाटीच्या चिखलवाळूत पाकट आहेत, समुद्रलेखण्या (सी पेन) आहेत. जुहूला वाळूचे बारीक गोळे करून नक्षी काढणारे खेकडे आहेत, आपण रोज त्यांच्यावरून चालतो. ठाण्याची खाडी तर तुमच्या दारात आहे. २०१५ मध्ये तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आलं. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला लोक गर्दी करतात, पण त्याच चिखलात पुढच्या परांवर फुदकणारी निवटी मासळी बघायला कोणी थांबत नाही.

किनारी रस्त्याच्या कामाच्या वेळी, २०२० मध्ये, वरळी आणि हाजीअलीच्या प्रवाळांच्या १८ वसाहती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उचलून दुसरीकडे बसवल्या. अनेक मुंबईकरांना आपल्या शहरात प्रवाळ आहेत हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणि ते तिथे आहेत हे दाखवणाऱ्यांत मोठा वाटा होता ओहोटीला बूट घालून खडकांवर फिरणाऱ्या साध्या माणसांचा. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून किनारे धुंडाळतोय, फोटो काढतोय, लोकांना बरोबर नेतोय. मोठ्या जहाजाने किंवा महागड्या प्रयोगशाळेने झालं नसतं, असं काम त्यांनी केलं.

प्रवाळ हलवावे की नाहीत यावर माझं मत विचाराल तर सांगते: जिथे आहेत तिथे राहू देणं हेच बरं. हलवलेला तुकडा जगला तरी त्याच्या भोवतीचा खडक, त्याखालचे जीव, पाण्याचा प्रवाह हे काही आपण हलवत नाही. पण वाद घालायलासुद्धा आधी यादी लागते. ज्या खडकाची यादीच नाही, तिथे काय गेलं हे कोणीच विचारत नाही.

दोन उदाहरणं देते. २०२० च्या टाळेबंदीत मरीन ड्राइव्ह आणि मलबार हिलवरून डॉल्फिन दिसल्याचे व्हिडिओ फिरले आणि सगळीकडे झालं, "शहर थांबलं आणि डॉल्फिन परत आले." परत आले? ते गेलेच कधी होते? हिंदी महासागरातला कुबड असलेला हा डॉल्फिन उथळ, किनाऱ्यालगतच्या पाण्यातच राहतो. कोकणातले मच्छीमार त्याला गादा म्हणतात आणि मुंबईचे कोळी त्याला पिढ्यान्‌पिढ्या बघत आले आहेत. कदाचित टाळेबंदीत ते किनाऱ्याच्या आणखी जवळ आले असतील. कदाचित एवढंच झालं असेल की पहिल्यांदाच हजारो माणसं खिडकीत बसून समुद्राकडे बघत होती. दोन्हींपैकी काय, हे ठरवता येत नाही. त्याच्या आधीच्या दहा वर्षांत, रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागेवरून दुर्बिणीने पाहून ठेवलेली वही असती तर ठरवता आलं असतं.

दुसरं वर्सोव्याचं. अफरोज शाह आणि त्यांच्या सोबतच्यांनी २०१५ पासून तो किनारा साफ करायला घेतला आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडलेची ८० च्या आसपास पिल्लं वाळूतून निघून समुद्रात गेली. सगळ्या देशाला आनंद झाला, मलाही रडू आलं. पण अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणजे मादी एका रात्री आली, खड्डा केला, अंडी घातली, वाळू लोटली, गेली, आणि त्यानंतर दीड-दोन महिने एवढ्या गर्दीच्या किनाऱ्यावर ते घरटं कोणाच्याही ध्यानात आलं नाही. वाळू साफ करणारा ट्रॅक्टर त्यावरून गेला असता तर खालची अंडी दबली असती आणि आपल्याला काही कळलंही नसतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला हे होत नाही, कारण तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरू केलेल्या कामामुळे गावातली माणसं पहाटे किनारा चालतात आणि कासवाच्या पावलांचा माग ओळखतात. मुंबईत पहाटे किनाऱ्यावर चालणारी माणसं हजारो आहेत. माग ओळखणारी किती?

तर सुरुवात कुठून करायची. एक जागा निवडा. एकच. जिथे तुम्हाला महिन्यातून दोनदा जाणं खरोखर जमेल ती. ठाण्याहून निघणार असाल तर गिरगाव चौपाटी बरी, चर्नी रोडला उतरून पाच मिनिटांवर. वाळू-चिखलाचा किनारा आहे, घसरून पडायची भीती कमी.

मग वेळ. समुद्राचं घड्याळ चंद्रावर चालतं आणि आपल्याकडे ते कालनिर्णयावरून वाचायची युक्ती आहे, कोकणात शाळकरी पोरंही सांगतील: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पाणी पूर्ण भरतं आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीचं छापील कोष्टक किंवा मोबाइलवरचं अ‍ॅप बघाच, पण हिशेब तोंडी येऊ द्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. मुंबईत तेव्हा भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि ओहोटीही तेवढीच खोल जाते. त्यानंतरच्या प्रतिपदा-द्वितीयेला सकाळी सात-आठच्या सुमारास पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं आणि उजेडही असतो. ते तुमचे दिवस. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड येतही नाही, धड जातही नाही. त्या दिवशी घरी बसून फोटोंवर नावं घाला. कोष्टकात ओहोटीची उंची अर्ध्या मीटरच्या आसपास किंवा कमी दिसली की निघायचं, आणि ओहोटीच्या तासभर आधी पोहोचायचं, म्हणजे उतरत्या पाण्यामागून चालता येतं.

सामान फार नाही. पाय झाकणारे, तळवा न घसरणारे जुने बूट, चपला नकोत. गिरगाव-दादरला वाळूत काच, मूर्तींचे सांगाडे, खिळे असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. पायाला जखम असेल तर त्या दिवशी जायचं नाही आणि जोराचा पाऊस झाल्यावर दोन दिवस तर नाहीच, नाले तेव्हाच सगळं समुद्रात ओततात. पाऊण इंची पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट करून घ्या, प्लंबरकडे दोन-तीनशे रुपयांत होते. तीस मीटरची टेप. पाण्याचं तापमान बघायला साधा थर्मामीटर. पेन्सिल, कारण पेनची शाई भिजते. आणि एकटीने जायचं नाही. चिखलाच्या सपाट किनाऱ्यावर भरतीचं पाणी समोरून येताना दिसतं, पण त्याआधीच ते मागच्या चरातून आत शिरलेलं असतं.

टेप किनाऱ्यापासून पाण्याच्या दिशेने टाका. वर, मध्ये आणि खाली अशा तीन पातळ्यांवर चौकट ठेवा आणि चौकटीत जे आहे ते मोजा: जिवंत शंख, खेकड्यांची बिळं, नळ्या करून राहणारे किडे, प्लास्टिकसुद्धा. वरून सरळ फोटो घ्या, फोटोत पट्टी किंवा नाणं ठेवा. काही नसेल तर "शून्य" असं लिहा. हे मी विद्यार्थ्यांना इतक्यांदा सांगते की ते कंटाळतात, पण रिकाम्या रकान्याचा अर्थ दोन वर्षांनी कळत नाही. तिथे काही नव्हतं की तुम्ही बघितलंच नाही? शून्य लिहिलं की वाद मिटतो. पुढे कधी तेल सांडलं, भराव पडला, नवा पाइप आला, तर "आधी इथे काय होतं" याचं उत्तर तुमच्या त्या शून्यांत आणि आकड्यांतच असेल.

ओळख पटवायची घाई करू नका. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर फोटो, जागा आणि तारीख टाकलीत तर जगभरचे जाणकार मदत करतात. पहिले सहा महिने "बहुतेक चंद्रगोगलगाय" एवढंही पुरे.

चंद्रगोगलगायीवरून आठवलं. गिरगावला ओहोटीला वाळूवर कधीकधी करड्या रंगाची, शर्टाच्या कॉलरसारखी वळलेली वस्तू पडलेली दिसते. हाताला रबरासारखी, कडा सुबक. बघणाऱ्याला वाटतं बाटलीच्या झाकणाचा, पाइपचा तुकडा. ती चंद्रगोगलगायीच्या अंड्यांची पट्टी असते. मादी वाळू आणि चिकट द्रव एकत्र करून ती घडवते आणि त्या वाळूच्या थरात हजारो अंडी असतात. उन्हाकडे धरली तर बारीक ठिपके दिसतात. एका सफाई मोहिमेनंतर मी कचऱ्याची एक पिशवी उपसून बघितली, त्यात अशा अकरा पट्ट्या होत्या. पिशवी भरणारी मुलं दहावीतली होती, पहाटे पाचला उठून आली होती. मी त्यांना एक पट्टी हातात दिली, उजेडात धरायला सांगितली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून अकराच्या अकरा पाण्याच्या कडेला नेऊन ठेवल्या. सफाई हवीच, पण पिशवीत जाण्यापूर्वी ती वस्तू कोणीतरी बघायला हवी.

खडकाळ किनाऱ्यावर गेलात की दगड उलटायचा मोह होईल. दगडाच्या वरच्या बाजूला ऊन, लाटा, कालवं आणि शेवाळ. खालच्या बाजूला वेगळीच वस्ती: स्पंज, चपटे किडे, खेकड्यांची पिल्लं, माशांची अंडी. त्यांना सावली आणि ओल हवी. दगड उलटा ठेवून गेलात तर तासाभरात खालचे उन्हाने मरतात आणि वरचे हळूहळू अंधाराने. किनारी रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे, जानेवारीतली सकाळ, हाजीअलीच्या खडकांत. एका विद्यार्थिनीने कलिंगडाएवढा दगड थोडासा कलता केला आणि "मॅडम" एवढंच म्हणाली. आत छताला लागून तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरट दाणे, झुपक्या-झुपक्यांनी लोंबत होते. त्यांच्या खाली मुठीएवढी ऑक्टोपसची मादी. ती पळाली नाही. आमच्या सावलीत तिचा रंग करड्याचा तांबूस झाला, पुन्हा करडा झाला आणि तिने दोन बाहू वर करून दाण्यांवर धरले. अंडी फुटेपर्यंत ती खात नाही, फक्त त्यांच्यावर पाणी मारत बसते आणि पिल्लं निघाली की बहुधा मरते. आम्ही फोटोसुद्धा एकच घेतला आणि दगड दोन्ही हातांनी, जसा होता तसाच, हळूच खाली टेकवला. पंधरा दिवसांनी पुढच्या उधाणाला आम्ही दगड हलवला नाही. कडेच्या फटीतून टॉर्च मारून बघितलं. ती तिथेच होती.

तेव्हा नियम असा ठेवा: हाताच्या पंजाएवढाच दगड, तोही गरज असेल तर, एका ठिकाणी दोन-तीनच, आणि त्याच खाचेत, त्याच बाजूने परत.

पुस्तकांइतकंच कोळीवाड्यात शिका. मासळी बाजारात पहाटे जाऊन उभ्या राहा, मावश्यांना विचारा, पण गिऱ्हाइकाच्या वेळेत नको. कालवं कधी भरतात, तिसऱ्या कुठे कमी झाल्या, मुशी आणि पाकट आता केवढ्या आकाराचे मिळतात, डोल जाळ्यात समुद्री साप कोणत्या महिन्यात येतात, हे त्यांना पाठ असतं. त्यांची नावं वहीत लिहा, शास्त्रीय नावाच्या शेजारी. आणि एक गोष्ट सांगायला विसरू नका: कासव, डॉल्फिन, देवमुशी मासा (व्हेल शार्क) असा संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि जाळं कापून तो सोडला, तर महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. पुष्कळ जणांना माहीत असतं, पण अर्ज कसा करायचा ते माहीत नसतं. तुम्ही अर्ज लिहून दिलात तर तुमच्या अभ्यासाला त्या नाखव्याची होडी कायमची उघडी होईल. मच्छीमाराच्या जाळ्याचं नुकसान आपण न मोजता त्याने मात्र कासव वाचवावं, ही अपेक्षा मला पटत नाही.

डंखांबद्दल थोडं, कारण प्राण्याची भीती बसली की लोक त्याला मारतात. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगावला पाकटांनी डझनांनी लोकांना नांग्या मारल्या आणि शहर हादरलं. पाकट हल्ला करत नाही. तो वाळूत अंग पुरून पडलेला असतो आणि त्याच्यावर पाय पडतो. म्हणून गढूळ उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नाही, तळाला घासत पुढे सरकवायचं. पायाचा धक्का कडेला लागला की तो निघून जातो. लागलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा, काटा आत तुटलेला असू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये वाऱ्याने निळ्या फुग्यांसारखे ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे जीव, येतात. वाळूवर मेलेले दिसले तरी त्यांचे धागे डंखतात. चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्या पाण्याने धुवायचं, धागे चिमट्याने काढायचे, मग गरम पाणी. समुद्री साप जाळ्यातून वाळूवर पडलेला दिसला तर हात अजिबात नाही, कितीही मलूल वाटला तरी. चोचनाक्या सापाचं विष फार जहाल असतं.

मोठे प्राणी. डॉल्फिन जिवंत किनाऱ्याला लागला तर तोही पेशंटच. त्याला पोटावर सरळ ठेवायचं, डोक्यावरच्या श्वासरंध्रात वाळू-पाणी जाऊ द्यायचं नाही, अंगावर ओली फडकी, पुढच्या परांखाली वाळू खणून जागा, शेपटी धरून कधीही ओढायचं नाही, आणि शांतता. आवाजाने तो घाबरतो. १९२६ ला फोन लगेच. देवमाशाच्या बाबतीत आपल्या हातात फार थोडं असतं, हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली. पाण्याबाहेर त्याचं स्वतःचंच वजन त्याच्या फुप्फुसांवर पडतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं होतं. माणसांनी दोन दिवस जिवाचं रान केलं, त्याला खोल पाण्यात नेलं, आणि नंतर ते मेलेलं किनाऱ्याला आलं. त्या माणसांनी केलं ते योग्यच केलं. आईपासून तुटलेलं दूधपितं पिल्लू खोल पाण्यात पोहोचलं तरी पुढे त्याला पाजणार कोण, हा प्रश्न उरतोच.

म्हणूनच मेलेल्या प्राण्यालाही नोंदीवाचून पुरू नका. २०१६ च्या जानेवारीत जुहूला ३० फुटांहून लांब ब्रायडीज देवमासा आला होता, तेव्हा अर्धी मुंबई बघायला लोटली. पण त्यापेक्षा शंभरपट जास्त वेळा येतो तो कुजका, अर्धवट खाल्लेला गादा किंवा कासव, ज्याच्याकडे नाक दाबून सगळे पाठ फिरवतात. तिथे थांबा. उघडा हात न लावता चार बाजूंनी फोटो, जागा, वेळ, लांबी. कासवाचं माप कापडी टेपने कवचाच्या वक्रावरून घेतात, मानेकडच्या कडेपासून शेपटीकडच्या कडेपर्यंत. पूर्ण वाढलेलं ऑलिव्ह रिडले ६०-७० सेंटिमीटरचं भरतं. बोटीच्या पंख्याच्या पात्याने पडलेल्या समांतर चिरा आहेत का, दोरीचा वळ आहे का, हे लिहा आणि वनविभागाला कळवा. शवविच्छेदन त्यांच्या पशुवैद्याचं काम.

परवानगीचं विचारलं नाहीत, पण सांगते. मोकळ्या किनाऱ्यावर बघायला, मोजायला, फोटो काढायला परवानगी लागत नाही. उचलून घरी न्यायला लागते. प्रवाळ, समुद्रपंखा, समुद्री कासव, डॉल्फिन यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे आणि मेलेला तुकडाही त्यात येतो. बाजारात 'इंद्रजाल' म्हणून देवघरात लावायला जे काळं जाळीदार झाड विकतात, ते झाड नाही, समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ असतं. घरात कोणी आणलं तर समजावून सांगा. आणि ऑक्टोपसची अंडी, प्रवाळाची नवी जागा असं काही सापडलं तर नेमकं ठिकाण लगेच सगळ्यांना दाखवू नका. पुढच्या ओहोटीला तिथे शंभर पायांचे ठसे असतील.

आता मालवण की मुंबई. मालवणला जरूर जा, स्वच्छ पाण्यात पोहायला शिका. पण तिकडे बघणारे डोळे आहेत. तुमच्या रेल्वेच्या पासावर जो किनारा येतो, त्याच्याकडे बघणारे कमी आहेत. कोणते जीव हे पाणी सहन करतात, कोणते गेले, पावसाळ्यात खारटपणा उतरला की कोण आधी मरतं आणि दिवाळीनंतर कोण आधी परत येतं, यातल्या कशाचंही उत्तर अंदमानात मिळणार नाही.

येत्या पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला कोष्टक बघून गिरगावला या, बरोबर कोणाला तरी घेऊन. पहिल्या दिवशी चौकटही नको. पाण्याच्या कडेने तासभर चाला आणि जे दिसेल ते लिहा. वहीच्या पहिल्या पानावर मात्र गेल्या जुलैतलं जुहूचं कासव लिहून टाका: अंदाजे तारीख, कुठे, केवढं, कोणत्या पायाला काय होतं, आठवेल तेवढं. चौघांना विचारा, कोणाच्या तरी मोबाइलमध्ये एखादा फोटो निघेलही.